कुठला हवा तो उचल

दादाचा फोन आला तेव्हा चिमटीच्या हातात कुणाचा तरी पुढचा दात होता.

दात म्हणजे अजून पुरता दात नव्हे. धातूच्या टोपीवर ओल्या पोर्सेलिनचे थर चढत होते. ब्रशच्या टोकावर कणभर पूड घ्यायची, टोपीवर ठेवायची, टिश्यूने पाणी टिपायचं, पुन्हा कणभर. दातांच्या या लॅबमध्ये तिच्याइतका हलका हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. घरी तिला चिमटी म्हणायचे, कारण लहानपणापासून ती कुठलीही बारीक वस्तू बोटांनी न उचलता छोट्या चिमट्याने उचलायची. नाव दादानेच ठेवलं होतं. हात अडकलेले म्हणून तिने कोपराने फोन स्पीकरवर टाकला.

"चिमटे, कामात आहेस का?"

"दात करतेय. बोल."

"कुणाचा?"

"मला काय माहीत? वरचा, डावा."

दादा मनापासून हसला. आवाज आज अगदी लोण्यासारखा होता. "ऐक ना. माझी तांबडी आता जोडीला तयार आहे. खाऊनपिऊन टुमटुमीत झालीये नुसती. तुझा तांबड्या आहे ना अजून?"

"आहे."

"मग रविवारी घेऊन येतो तिला. जोडी तूच लाव, बाई, माझ्या हाताने ते व्हायचं नाही. पिल्लं निम्मी-निम्मी."

चिमटी खूश झाली. हे आपणच विचारावं असं तिच्या कितीदा मनात आलं होतं, पण तोंड उघडत नव्हतं. तांबड्या नर कोळी होता, वयात आलेला. वयात आलेल्या नराचं आयुष्य ते किती? त्याच्या आधी तिच्या फळीवरचे, एक काळा सोडून, बाकीचे असेच एकेक करून गेले होते. तांबडीची पिल्लं मिळाली तर फळी पुन्हा भरणार होती.

"ये," ती म्हणाली. "आईला सांगते."

"आणि हे बघ, त्या काळ्याला जरा जपून ठेव. खायला कमीच घाल त्याला. पुढच्या कातीला तो तयार होईल, आणि माझी काळी अजून लहान आहे. दोघांचं जमायला हवं ना."

ब्रश हवेतच थांबला. टोकावरचा थेंब ओघळला आणि दाताची कड त्याच्याबरोबर घसरून खाली आली.

"काळा नर आहे हे तुला कसं कळलं?"

"अं?"

"काळा अजून वयात आलेला नाही. तो नर की मादी, मला माहीत नाही. मी रोज बघते त्याला. तुला कसं माहीत?"

"अगं, अंदाज. तुझे सगळे नरच निघतायत, म्हणून म्हटलं."

"मी तुला तिघांचं आणि तांबड्याचंच सांगितलं होतं."

पलीकडे दादा खाकरला. मग दादा म्हणाला, "चल, साहेब आले. रविवारी बोलू." फोन बंद.

दादाला साहेब नव्हता. प्रयोगशाळांमधली सूक्ष्मदर्शकं, तराजू, काय-काय दुरुस्त करत तो एकटा फिरायचा. त्याचा साहेब तोच.

बाजूच्या मशीनवर दातांना चकाकी देणाऱ्या काकांनी मान वर केली. "काय गं, दात पडला?"

"पडला, काका."

"बसवायच्या आधीच? कमाल आहे."

एरवी ती हसली असती. तिने घसरलेलं सगळं पोर्सेलिन खरवडून काढलं, टोपी धुतली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. हात थरथरत नव्हते. ते तिचे कधीच थरथरत नसत. पण तळपायापासून काहीतरी वर चढत होतं, आणि ते मस्तकापर्यंत पोचायला दुपार पुरेशी होती.

*

टॅरँटुला म्हटलं की लोकांना तळहाताएवढा केसाळ राक्षस आठवतो. या भावंडांचा जीव जडला होता तो बुटक्यांवर. पूर्ण वाढलेला बुटका टॅरँटुला पाय पसरून चहाच्या कपाच्या तोंडावर मावतो. अंड्यातून निघतो तेव्हा खसखशीएवढा असतो. त्याला पंख नसलेल्या फळमाश्या घालाव्या लागतात आणि त्याही कधी-कधी त्याच्यापेक्षा मोठ्या. कुणाच्या पाठीवर तांबडा ठिपका, कुणाच्या पोटावर वाघासारखे पट्टे, कुणी निळसर काळा. मोठ्या जाती पाळणारे त्यांना नाकं मुरडतात, 'दिसत तर नाहीत, पाळायचे कशाला?' म्हणून. तेही खरंच. बुटका दिवसचे दिवस मातीत बीळ करून दडून बसतो आणि पाळणारा रिकाम्या मातीकडे बघत बसतो. चिमटीला तेच आवडायचं. न दिसणाऱ्या जिवाची तहानभूक ओळखायची, हे काही येरागबाळ्याचं काम नव्हे.

दोघांची खोली एक, तेव्हा फळीही एक. कामं मात्र पहिल्यापासून वाटलेली. जिवंतपणी जे काही लागेल ते चिमटी बघायची: माती भिजवणं, माश्या वाढवणं, घाबरलेल्याला ब्रशने हलकेच ढकलून दुसऱ्या डबीत घालणं. कोळ्याने कात टाकली की ती कात दादाची. कोळी आपली जुनी कातडी आख्खी उतरवून ठेवतो, पायमोजा काढून ठेवावा तशी. दादा ती साबणाच्या पाण्यात मऊ करायचा, सुईने उलगडायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. कोळी नर की मादी हे सांगणारी दुसरी जागाच नसते. वयात येईपर्यंत दोघं बाहेरून सारखेच दिसतात. मादीच्या कातीत मात्र पोटाच्या आतल्या बाजूला एक बारीक दुहेरी पिशवी दिसते, नराच्या कातीत ती नसते.

"कळतंय का काही?" चिमटी विचारायची.

"एवढ्याशा कातीत काय कळणार? अजून लहान आहेत," दादा म्हणायचा आणि सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद करायचा.

आणि हे कळणं म्हणजे नुसती हौस नव्हती. बुटक्याची मादी दहा-दहा वर्षं जगते, अंडी घालते, पिल्लं देते. नर वयात येतो तो जवळजवळ मरणाच्याच वाटेला लागतो. शेवटची कात टाकली की त्याचे पाय लांबतात, पुढच्या पायांना आकडे येतात, तो बीळ सोडतो, खाणं सोडतो आणि मादीच्या शोधात डबीच्या भिंती चाचपत फिरतो. काही महिने. मग एके सकाळी पाण्याच्या झाकणीशी पाय आवळून पडलेला सापडतो.

दादाचं लग्न ठरलं, त्याने वेगळं घर घेतलं, तेव्हा फळीची वाटणी झाली. भांडण नव्हतं, काही नव्हतं. दादानेच दोन ट्रे मांडले. प्रत्येक जातीतली एक डबी या ट्रेमध्ये, एक त्या. "दोन्ही सारखे आहेत," तो म्हणाला. "कुठला हवा तो उचल. पहिला मान तुझा."

चिमटी बराच वेळ बघत राहिली होती. एका ट्रेमधले सगळे जरा मोठे होते. लांब पायांचे, चपळ, वाढीला लागलेले. दुसऱ्यातले त्यांच्यापुढे किरकोळ. तिला वाटलं, दादाच्या हे लक्षात आलं नसावं, त्याला जिवंत कोळ्यांतलं कुठे एवढं कळतं? तिने मोठ्यांचा ट्रे उचलला. दादाने तिच्या पाठीवर थाप मारली. "घे. मजा कर."

आणि त्यानंतर वर्षभर ती मनातल्या मनात शरमत राहिली होती! भावाच्या भोळेपणाचा फायदा घेतला, चांगला वाटा आपण लाटला, म्हणून. त्या शरमेपोटी तिने कोळ्यांना दडायला लागणाऱ्या बुचाच्या सालीचे निवडक तुकडे त्याच्याकडे पाठवले. थंडीत डब्या उबदार ठेवायचं पॅड पाठवलं. आपल्या डब्या आईच्या जुन्या शालीत गुंडाळून ठेवल्या. आई महिनाभर शाल शोधत होती.

नर मादीपेक्षा लवकर वाढतात. दोन सारख्या वयाच्या पिल्लांतलं जे झपाट्याने मोठं होतं ते बहुतेक वेळा नर असतं. हे तिलाही माहीत होतं. कुठेतरी वाचलं होतं, कुणीतरी सांगितलं होतं. पण एका पिल्लावरून काही ठरत नाही. आख्खा ट्रे मात्र योगायोगाने भरत नाही. तो कुणीतरी भरावा लागतो.

पट्टेवाला पहिल्यांदा वयात आला तेव्हा तिने म्हटलं, नशीब. त्याच्या पाठोपाठ ठिपकेवाला. मग करडा. तिघांचं दादाला सांगितलं. तो फोनवर चुकचुकला आणि म्हणाला, "बाकीच्यांना कमी खायला घाल. सावकाश वाढतील, जास्त टिकतील." तिला भरून आलं होतं. आपल्या कोळ्यांची किती काळजी! त्यानंतरचे गेले ते तिने सांगितलेच नाहीत, फक्त तांबड्या वयात आला तेवढं सांगितलं. कुणाकुणाचं रडगाणं किती गायचं?

आता लॅबमध्ये बसून, भट्टीच्या काचेतून लाल झालेल्या दाताकडे बघताना तिला त्या काळजीचा अर्थ लागला. दादाच्या माद्या हळू वाढत होत्या. त्या तयार होईपर्यंत नर जगवून ठेवायला कुणीतरी हवं होतं. खाऊ घालणारं, पाणी शिंपडणारं, हलक्या हाताचं. आणि ते सगळं आपण शरमून, मान खाली घालून, आईची शाल चोरून करत होतो.

बहिणीला वाटा दिला नव्हता त्याने. नर सांभाळायला मोलकरीण ठेवली होती, तीही बिनपगारी.

*

"कोळ्यांवरून?" आई म्हणाली. "कोळ्यांवरून भावाशी भांडणार तू?"

आई कपडे घड्या घालत होती. घड्या घालताना ती कुणाचंही पूर्ण ऐकत नसे.

"कोळ्यांवरून नाही, आई. त्याने मला फसवलं."

"फसवलं कसं? मी होते की तिथे. 'कुठला हवा तो उचल' म्हणाला. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. तूच उचललास."

"त्याला माहीत होतं मी कुठला उचलणार!"

"मग त्यात त्याचा काय दोष? तुला मोठं ते हवं असतं हे मलाही माहीत आहे. लहानपणी केकचा तुकडा..."

"आई!"

"ओरडू नकोस. माझा टॉवेल चुकला." आईने टॉवेल झटकून पुन्हा घडी घातली. "कायम असेच तुम्ही. तो युक्ती करायचा, तू तोंड फुगवून बसायचीस. आता मोठे झालात. येऊ दे त्याला, हसतमुखाने दे तो काय तो किडा, आणि विषय संपव. तसाही मरणारच आहे ना तो?"

"हो. मरणारच आहे."

"मग?"

यावर चिमटीकडे उत्तरं एवढी होती की एकदम तोंडाशी आली आणि दारात गर्दी व्हावी तशी अडकून बसली. ती खोलीत गेली आणि फळीसमोर उभी राहिली. एकेकाळी डबीला डबी लागून असायची तिथे आता धुऊन पालथ्या घातलेल्या रिकाम्या डब्या होत्या. दोनच भरलेल्या. एकीत काळा, बिळात दडलेला. दादाच्या मते नर, म्हणजे नरच. दुसरीत तांबड्या, डबीच्या कडेने फिरत, पुढचे पाय भिंतीवर ठेवून उंच होत, पुन्हा खाली येत. खसखशीएवढा असल्यापासून तिने त्याला वाढवला होता. ज्यांच्याकडून त्याला आणि दादाच्या तांबडीला आणलं होतं त्या दोन्ही माणसांनी आता हा नाद सोडला होता. ही जात पुन्हा कुठे मिळेल याचा भरवसा नव्हता. तांबड्या गेला की दादाच्या मादीला नर नाही, आणि हिच्या फळीला पुढे काहीच नाही.

नकार द्यायचा, तर फळी आपल्या हाताने रिकामी करायची. होकार द्यायचा, तर ज्याने केसाने गळा कापला त्याच्या हातात स्वतःहून कात्री द्यायची. पिल्लं निम्मी-निम्मी, म्हणे. मादी त्याच्या घरी, अंडी त्याच्या घरी, पिल्लं तो मोजणार आणि पुन्हा दोन ट्रे मांडणार.

*

रविवारी दादा आला तो हातात खोकं घेऊन, बाळाला आणावं तसा. मागून वहिनी. आईने चहा ठेवला, बिस्किटं काढली. दादाने तांबडीची डबी टेबलावर ठेवली आणि हात चोळले.

"काढ तुझा नवरदेव."

चिमटीने तांबड्याची डबी आणून समोर ठेवली. झाकण उघडलं नाही. खुर्ची ओढून बसली.

"आधी बोलायचंय."

"अगं, चहा तरी पिऊ दे त्याला," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"पिऊ दे की. बोलायला मला तोंड लागतं, त्याला कान पुरेत."

दादा वहिनीकडे बघून हसला, बघ, मी म्हटलं नव्हतं, अशा अर्थाने. आणि वहिनीने, जी एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, बिस्किटाचा तुकडा मोडत म्हटलं, "चिमटी, रागावू नकोस, पण एक सांगू? चांगले चांगले सगळे तू नेलेस. हा कधी एका शब्दाने बोलला नाही. आता एक नर मागितला तर एवढं काय?"

चिमटीला क्षणभर ऐकूच आलं नाही. मग आलं.

"काय म्हणालीस?"

"मोठे, तेजतर्रार होते ते सगळे तू उचललेस ना? याच्या वाट्याला बारकेच आले. यानेच सांगितलंय मला."

दादा चहाकडे बघत होता. चहात बघण्यासारखं काही नव्हतं.

"दादा," चिमटी म्हणाली. आवाज चढला नव्हता. उलट इतका खाली गेला होता की आई कप हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. "सांग तिला."

"काय सांगू?"

"माझ्या ट्रेमध्ये नर किती होते आणि माद्या किती."

"अगं, मला काय स्वप्न पडलं होतं? लहान होते सगळे..."

"काळ्याचं कळण्याएवढं पडलं होतं ना स्वप्न? मग बाकीच्यांचं पण सांग. सगळ्यांच्या काती तू बघितल्यास. माझ्यासमोर दिवा बंद करायचास आणि म्हणायचास काही दिसत नाही. दिसत होतं की नव्हतं?"

"चिमटे, एवढ्याशासाठी..."

"दिसत होतं की नव्हतं?"

टेबलावर बारीक आवाज झाला. टक-टक-टक, टक-टक. नखाने खोक्यावर टिचक्या माराव्यात तसा. सगळे थांबले. तांबड्या पुढच्या पायांनी डबीचा तळ वाजवत होता. मादीच्या जाळ्याचा धागा चिकटलेली तिच्या डबीची कड त्याच्या डबीला लागून होती. हवेच्या भोकातून त्याला तिचा सुगावा लागला होता. मग दुसऱ्या डबीतून, जरा जड, जरा सावकाश, उत्तर आलं. टक. टक-टक.

"अगंबाई," आई म्हणाली. "बोलतायत की!"

"ते बोलतायत," चिमटी म्हणाली. "तुझा मुलगा बोलत नाहीये."

वहिनीने बिस्किट बशीत ठेवलं. "अरे, सांग ना. दिसत होतं का?"

दादाने कप खाली ठेवला. कुणी कोपऱ्यात गाठलं की तो आधी चिडायचा; चिडल्यावरच त्याच्या तोंडून खरं निघायचं.

"दिसत होतं! बरं? सगळं दिसत होतं. डोळे फुटेस्तोवर मी बसायचो त्या कातींवर. तुला कधी वाटलं का आपण शिकावं, बसावं? तुला नुसतं खाऊपिऊ घालायचं. मेहनत माझी, कळलं मला, मग मी का सांगू? आणि मी जबरदस्ती केली होती? कुठला हवा तो उचल म्हणालो. तू बघून-बघून, मोठे वेचून उचललास. हाव तुझी आणि चोर मी?"

"मी विचारलं होतं तुला. कळतंय का, म्हणून विचारलं होतं. एकदा नाही, दर कातीला."

"विचारलं असशील."

"आणि कमी खायला घाल, जास्त टिकतील? ते कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? आपल्यासाठीच. पिल्लं तुला देणारच होतो ना निम्मी! घरातल्या घरात तर आहे सगळं. माद्या माझ्याकडे असल्या काय, तुझ्याकडे असल्या काय."

"एकच असेल तर माझ्याकडे का नाही ठेवल्यास?"

तो आईकडे बघायला लागला, जन्मभर बघत आला तसा. आईनेही सवयीने तोंड उघडलं, "जाऊ दे गं, मोठा आहे..." आणि पुढचं तिला सापडेना. तिने कप टेबलावर ठेवला आणि पदराने हात पुसले. ते कोरडेच होते.

वहिनी दादाकडे बघत होती. "मला वेगळंच सांगितलंस तू," ती एवढंच म्हणाली. पण ते ज्या सुरात म्हणाली, त्यावरून घरी गेल्यावर हा विषय एवढ्यात संपणार नव्हता हे स्पष्ट होतं.

"ठीक आहे," दादा म्हणाला. "झालं समाधान? माफी मागू? मागतो. आता जोडी लावतेस की नाही ते सांग. त्याचे दिवस भरत आलेत, दिसतंय मला. नाही लावलीस तर तुझाही गेला आणि माझीही वाया. बघ. तुझ्यावर आहे."

आणि तेच खरं होतं. तेवढंच त्याचं खरं होतं, आणि ते त्याने सुरीसारखं काढून समोर ठेवलं होतं. माफीत पश्चात्ताप नव्हता, हिशेब होता. टक-टक-टक, तांबड्या वाजवत होता. त्याला भावाबहिणीच्या वाटणीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच्यापाशी थोडे आठवडे होते आणि एकच काम होतं.

चिमटी उठली. खोलीतून तिचे दोन ब्रश घेऊन आली. "कुणी टेबलाला हात लावू नका."

तिने तांबडीच्या डबीचं झाकण काढलं. तांबड्याला छोट्या पारदर्शक पेल्यात घेतलं आणि पेला मादीच्या बिळापासून दूर, डबीच्या कडेला आडवा ठेवला. तो बाहेर आला. मादीच्या धाग्यावर पाय पडताच त्याचं आख्खं शरीर थरारलं. त्याने वाजवलं. बिळाच्या तोंडाशी दोन पाय दिसले, मग चार, मग ती पूर्ण बाहेर आली, त्याच्याहून दीडपट, भरलेली, तांबूस. तिने पुढचे पाय उचलले, सुळे उघडले.

"खाईल ती त्याला," वहिनी पुटपुटली.

"गप्प," दादा म्हणाला.

चिमटीचा ब्रश दोघांच्या वर, केसभर अंतरावर थांबला होता. तांबड्या पुढे सरकला आणि आकड्यांनी तिचे सुळे अडकवून धरले. तिला मागे रेटलं, वर उचललं. तोंडाजवळच्या आखूड पायांची, वीर्य भरलेली बोंडं त्याने तिच्या पोटाखाली नेली, आधी एक, मग दुसरं. सगळे टेबलावर वाकले होते. आईसुद्धा वाकली होती, जी आजवर त्या फळीवरची धूळ पुसायलाही घाबरायची.

मग तांबड्याने सुळे सोडले. मादी झेपावली. ब्रश मध्ये आला. तिने ब्रशच्या केसांचा चावा घेतला, आणि तेवढ्यात दुसऱ्या ब्रशने तांबड्या पेल्यात गेलेला होता. सगळं इतक्या सफाईने झालं की दादाच्या तोंडून "वा!" निघून गेलं. जुना, मनापासूनचा वा. क्षणभर ते एकाच खोलीतले, एकाच फळीचे भाऊ-बहीण झाले.

त्या "वा"नेच तिच्या रागाला पुन्हा धार आली. हेच. या हलक्या हातासाठीच तर दादाने तिला सांभाळलं होतं.

तिने पेल्यातला तांबड्या त्याच्या डबीत सोडला. दोन्ही झाकणं लावली. दोन्ही डब्या टेबलाच्या मधोमध शेजारी-शेजारी ठेवल्या, सरळ रेषेत, मग एक पाऊल मागे सरून त्यांच्याकडे बघितलं. एकीत अंडी घालणारी मादी. दुसरीत रिकामा झालेला नर.

"दोन्ही सारखे आहेत," ती म्हणाली. "तांबडीच जात. एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. तू म्हणाला होतास ना, पहिला मान माझा? कुठला हवा तो उचल?"

दादाला कळायला वेळ लागला. तोवर तिने मादीची डबी उचलली होती.

"ए! ती माझी आहे!"

"होती."

"चिमटे, मस्करी पुरे. ठेव ती खाली. आई, सांग हिला!"

आई दारातच होती. तिने मुलाकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. "मी होते की तिथे," ती हळूच म्हणाली. "'कुठला हवा तो उचल' असंच म्हणाला होतास तू. मी ऐकलंय." आणि कप उचलून आत गेली.

वहिनीने पर्स खांद्याला लावली. दादा उभाच होता, हात अर्धवट पुढे करून. तो पुढे येऊन डबी हिसकावू शकला असता; पण हिसकावली तर ती हादरली असती, आणि नुकती जोडी लागलेली मादी हादरवायची नसते हे जगात फार थोड्या लोकांना कळतं. त्यातले दोघं या खोलीत होते.

"आणि मी याचं काय करू?" त्याने टेबलावरच्या दुसऱ्या डबीकडे बोट दाखवलं. आवाज चिरका झाला होता.

चिमटीने त्या डबीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हात थरथरले असते, आयुष्यात पहिल्यांदा. पाठमोरी होऊन ती खोलीकडे चालू लागली, दोन्ही तळहातांत डबी धरून, पाण्याने काठोकाठ भरलेला पेला न्यावा तशी.

"कमी खायला घाल," ती म्हणाली. "जास्त टिकेल."